आपण शाकाहारी आहोत, पण पानात भाजी किती असते?

मागच्या वर्षी अप्पांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, एचबीए१सी (दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ताची टेस्ट) ६.२ आली. डॉक्टर म्हणाले डायबेटिस झालेला नाही अजून, पण उंबऱ्यावर येऊन बसलाय, ५.७ ते ६.४ म्हणजे प्री-डायबेटिस, गोळी आत्ता नको, आधी जेवण बघा आणि रोज फिरायला जा. घरी येऊन चप्पल काढताना अप्पा म्हणाले, "अगं पण आपण तर शाकाहारी, मी जन्मात कधी अंडंसुद्धा खाल्लं नाही, मग मला कशी काय शुगर?" आणि खरं सांगते, मला तेव्हा उत्तर देता आलं नाही.

उत्तर मिळालं ते किचनमधल्या वजनकाट्यावर. मेथीची एक जुडी आणली होती, ती मातीसकट साडेतीनशे ग्रॅम भरली. मुळं कापली, देठं काढली, पिवळी पानं टाकली, उरली १६० ग्रॅम. आम्ही घरात चौघं, म्हणजे माणशी ४० ग्रॅम मेथी, शिजल्यावर तर पानात लोणच्याएवढी दिसते. संध्याकाळी बटाट्याची भाजी, रात्री खिचडी पापड. बटाटा सोडला तर अख्ख्या दिवसात एका माणसाच्या पोटात शंभर ग्रॅमसुद्धा भाजी गेली नाही, आणि त्याच दिवशी प्रत्येकाच्या पोळ्या आणि भात मिळून धान्य मात्र चारशे ग्रॅमच्या घरात गेलं होतं.

आता हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने, म्हणजे एनआयएनने, २०२४ मध्ये जे नवीन मार्गदर्शन दिलंय ते बघा. दिवसाला २००० कॅलरी लागणाऱ्या माणसाला भाज्या ४०० ग्रॅम, फळं १०० ग्रॅम, धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्यं ८५ ग्रॅम (अंडी-मासे खाणाऱ्यांनी त्यातला काही भाग त्याने भरायचा), दाणे आणि तेलबिया ३५ ग्रॅम, तेल-तूप २७ ग्रॅम, दूध-दही ३०० मिली. ही सगळी वजनं कच्च्या मालाची आहेत. भाजीचं वजन धान्याच्या दीडपट! आमच्या पानात बरोबर उलटं चाललं होतं, आणि मला वाटतं बहुतेक घरांत तसंच चालतं.

म्हणून पहिली गोष्ट मनात पक्की करा, शाकाहारी असणं वेगळं आणि भाज्या, कडधान्यं, फळं, दाणे भरपूर खाणं वेगळं. वडापाव शाकाहारी आहे, फरसाण शाकाहारी आहे, चहाबरोबरची चार बिस्किटं, साबुदाण्याची खिचडी, शिरा, सगळं शाकाहारीच आहे. ते खाऊन शुगर आणि बीपी लांब राहत नाही. आणि उलट बाजूने, कोकणातल्या घरात रोज बांगडा असेल पण सोबत वाटीभर पालेभाजी, कुळथाची पिठी आणि काकडीची कोशिंबीर असेल तर ते जेवण आमच्या त्या खिचडी-पापडापेक्षा कितीतरी बरं.

आपल्याकडे हे जास्त मनावर का घ्यायचं तेही सांगते. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, देशभरच्या पाहणीचे आकडे २०२३ मध्ये आले, भारतात १० कोटींहून जास्त लोकांना डायबेटिस आणि साडेतेरा कोटी प्री-डायबेटिसमध्ये, आणि मोठ्यांपैकी ३५ टक्के लोकांना बीपी. आणि "मी तर बारीक आहे" हे आपल्याकडे चालत नाही. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी हेच अनेक वर्षं अभ्यासलंय. २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांचा एक फोटो शेजारी शेजारी छापून आला होता, दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचं माप) अगदी सारखा, २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. आपण दिसायला सडपातळ असतो पण चरबी आत पोटात असते, स्नायू कमी असतात. अप्पांची पॅन्ट तीस वर्षं एकाच मापाची आहे, तरी रिपोर्ट तसा आला, तो बहुधा यामुळेच.

भाजी-कडधान्य आत जाऊन नक्की करतं काय

फार खोलात जात नाही, पण एवढं माहीत असलं की बदल टिकतो. फायबर, ज्याला आपण चोथा म्हणतो, त्यातला एक प्रकार पाण्यात विरघळून जेलीसारखा होतो, मेथीदाणा रात्री भिजवला की सकाळी जो बुळबुळीतपणा येतो ना तोच. हा आतड्यात असला की साखर रक्तात हळूहळू उतरते, एकदम उसळी मारत नाही. तोच पित्ताला धरून बाहेर नेतो, मग लिव्हरला नवीन पित्त बनवायला रक्तातलं कोलेस्टेरॉल वापरावं लागतं, आणि एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, खाली येतं. उरलेला चोथा मोठ्या आतड्यातले चांगले बॅक्टेरिया खातात आणि त्यातून जी आम्लं तयार होतात ती आतड्याच्या आतल्या अस्तराचं अन्न असतात, म्हणून फायबर आणि अख्खं धान्य खाणाऱ्यांत मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका कमी दिसतो. डब्ल्यूएचओ म्हणतं मोठ्या माणसाने दिवसाला किमान २५ ग्रॅम फायबर खावं, आणि तेही खाण्यातून, पावडरीतून नाही.

बीपीचं काम पोटॅशियम करतं. भाज्या, फळं, डाळी यांत ते भरपूर असतं, ते किडनीला जास्तीचं मीठ बाहेर टाकायला मदत करतं आणि रक्तवाहिन्या सैल ठेवतं. अमेरिकेत १९९७ मध्ये डॅश नावाचा प्रयोग झाला होता, त्यात लोकांना भरपूर भाज्या-फळं आणि कमी फॅटचं दूध-दही असं जेवण दिलं, मीठ तेवढंच ठेवलं, वजनही कमी होऊ दिलं नाही, तरी ज्यांना बीपी होतं त्यांचं वरचं बीपी सरासरी ११ ने उतरलं, तेही आठ आठवड्यांत. आपण वरून मीठ पण कमी केलं, दिवसाला माणशी एक छोटा सपाट चमचा, म्हणजे ५ ग्रॅमच्या आत, तर अजून चांगलं. पापड, लोणचं, फरसाण यातलंही मीठ त्यात धरायचं.

आता प्रत्यक्ष काय करायचं

एक दिवस वजन करून बघा. डाएटिंग वगैरे नाही, फक्त एक दिवस घरात किती भाजी शिजते ती चिरून झाल्यावर काट्यावर ठेवा आणि माणसांनी भागा. बटाटा यात मोजायचा नाही, साबुदाणा आणि रताळं पण नाही, ते धान्याच्या बाजूला. मला वाटतं हा एक दिवस झाला की पुढचं सांगावंच लागत नाही.

चौघांना माणशी ४०० म्हणजे रोजची १६०० ग्रॅम, आठवड्याची अकरा किलो भाजी, हे ऐकून मीही दचकले होते. खरं सांगायचं तर आम्ही अजून तिथे पोचलो नाही, तीनशेच्या आसपास आहोत, पण शंभरावरून तीनशेवर आलो हेच मोठं आहे. आणि त्यासाठी रोज चार भाज्या करत नाही, तेवढा वेळ कुणाकडेच नाही. आम्ही काय केलं तर आहे त्याच पदार्थांत भाजी वाढवली. वरण साधं न करता त्यात पालक, चाकवत किंवा लाल भोपळा घालून गरगट्ट करायचं. आमटीत शेवग्याच्या शेंगा, मुळा, दोडका. पोळीच्या कणकेत नाही पण थालीपिठात किसलेला दुधी, कोबी, चिरलेली मेथी, पातीचा कांदा, पिठाएवढीच भाजी. कोशिंबीर आधी चमच्याने वाढायचे, आता वाटीने. कोबीची पचडी, काकडी खमंग, गाजर-मुळ्याचा कीस, यात गॅसचं काम नाही, मुलगा पण करतो. आणि पहिले पाच मिनिटं फक्त कोशिंबीर आणि भाजी खायची, पोळी-भात नंतर. भाजी आधी आणि भात-पोळी मागून खाल्ली तर जेवणानंतरची शुगर कमी चढते असं छोट्या अभ्यासांत दिसलंय, आणि तसंही पोट थोडं भरलेलं असलं की तिसरी पोळी आपोआप राहते.

पैशाचं म्हणाल तर महाग भाजी लागतच नाही. ब्रोकोली, अॅव्होकॅडो विसरून जा. कोबी, दुधी, लाल भोपळा, मुळा, अंबाडी, माठ, चवळी, शेपू, करडई, हरभऱ्याचा पाला, सीझनमध्ये आठवडी बाजारात संध्याकाळी गेलात तर ढिगाने मिळतं. मुळ्याचा पाला फेकू नका, पीठ पेरून झक्क भाजी होते. बीट, नवलकोल यांचा पालासुद्धा खायचा. पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगी, करटोली येतात त्या अवश्य घ्या, पण ओळख असलेल्या मावशींकडूनच आणि कशी करायची ते त्यांनाच विचारून, कारण शेवळं ही रानभाजी काकडं (आंबट रानफळं) न घालता केली तर घसा खाजून जीव नकोसा होतो.

भाकरी. ज्वारी, बाजरी, नाचणी आणि कोंड्यासकट गहू यांच्या पिठात १०० ग्रॅममागे साधारण १० ते ११ ग्रॅम फायबर असतं, पॉलिशच्या तांदळात आणि मैद्यात ३ ग्रॅमपेक्षा कमी. नाचणीत वरून कॅल्शियम भरपूर. आम्ही रात्रीच्या पोळ्या बंद करून ज्वारीची भाकरी चालू केली. गव्हाचं पीठ बारीक चाळणीने चाळून कोंडा बाजूला काढायची आमच्याकडे सवय होती, ती सोडली, फक्त मोठ्या चाळणीने चाळते. पण एक गैरसमज काढून टाका, भाकरी म्हणजे औषध नव्हे, शुगर भाकरीनेही चढते. एक-दीड भाकरी आणि तिच्या दुप्पट भाजी, असं खाल्लं तर उपयोग आहे, चार भाकऱ्या आणि ठेचा याने नाही.

कडधान्यं. हे मी सगळ्यात वर ठेवीन, पालेभाजीच्याही वर. फायबर आहे, प्रोटीन आहे, शुगर हळू चढते, स्वस्त आहे, डब्यात महिनोन्महिने टिकतं. आणि आपल्याकडे किती प्रकार, मटकी, मूग, चवळी, मसूर, हुलगे, वाल, पावटे, हरभरे, वाटाणे. सालाची, अख्खी असतील तर जास्त चांगली, कारण साल गेली की फायबर बरंच जातं. आमच्याकडे उसळ रविवारची गोष्ट होती, आता आठवड्यात चार दिवस असते, त्यासाठी एक साखळी बसवलीय.

सकाळी चहा ठेवतानाच मटकी निवडून, धुऊन भिजत टाकते, तिप्पट पाण्यात. संध्याकाळपर्यंत दाणे टपोरे होतात, पाणी टाकून द्यायचं (पोटात गॅस धरणारा काही भाग या पाण्यात निघून जातो), परत एकदा धुवायची आणि जुन्या धुतलेल्या सुती फडक्यात घट्ट बांधून चाळणीत ठेवायची, वर पातेलं उपडं. उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी सकाळी मोड येतात, थंडीत मात्र चोवीस तास सुद्धा कमी पडतात, तेव्हा मी पुरचुंडी कॅसेरोलमध्ये झाकून ठेवते. फडकं सुकलं तर पाण्याचा हबका मारायचा, भिजकं ठिबकतं ठेवलं तर वास येतो. मोड अर्धा-पाऊण इंच झाले की फ्रीजमध्ये, तीन दिवस चालतात. उसळ करताना कुकर नको, मोड मोडतात. फोडणीत हिंग, आलं, कांदा परतून मटकी घालून झाकणावर पाणी ठेवून पंधरा मिनिटं वाफवायची, शेवटी दोन आमसुलं, चिमूटभर गूळ, ओलं खोबरं जरासंच. वर कच्चा कांदा, कोथिंबीर आणि लिंबू. लिंबाने डाळी-पालेभाज्यांतलं लोह अंगी लागतं, आणि जेवणावर लगेच चहा प्यायला तर तेच लोह वाया जातं, चहा तासाभराने घ्या.

एक सूचना, इतके दिवस कडधान्यं कमी खाल्ली असतील तर पहिल्याच आठवड्यात वाडगंभर खाऊ नका, पोट फुगेल आणि घरचे म्हणतील बंद कर हे. अर्ध्या वाटीपासून सुरू करा, दर आठवड्याला थोडं वाढवा, पाणी भरपूर प्या. आमच्याकडे पहिले दहा दिवस जड गेले, मग सवय झाली.

चटण्या. दाणे-तेलबियांचे ३५ ग्रॅम म्हटलं की लोक बदाम-अक्रोडाच्या भावाने घाबरतात, पण आपली जवस, तीळ, कारळं, शेंगदाणे कुठे गेले? जवसात जो ओमेगा-३ (चांगल्या चरबीचा एक प्रकार) आहे तो शाकाहारी जेवणात एवढ्या प्रमाणात सहज दुसरीकडे मिळत नाही. अख्खे जवस तसेच खाल्ले तर बरेचसे न पचता निघून जातात, म्हणून मंद गॅसवर भाजा, तडतड आवाज येऊन थांबत आला की उतरवा, गार करून लसूण, लाल मिरची, जिरं आणि नेहमीच्या निम्मं मीठ घालून वाटा. महिन्याची एकदम करून ठेवू नका, खवट होते, आठवड्यापुरतीच करा.

तेलाचा हिशोबही एकदा करून टाका. २७ ग्रॅम माणशी म्हणजे चौघांना महिन्याला तेल-तूप मिळून सव्वातीन किलो. आमच्याकडे पाच लिटरचा कॅन संपत होता, तूप वेगळं. आणि तेलाच्या पिशवीवर "कोलेस्टेरॉल फ्री" लिहिलेलं असतं त्याला भुलू नका, कुठल्याच वनस्पतीत कोलेस्टेरॉल नसतंच, त्यामुळे डालडाही फ्रीच असतो.

फळ चावून खा, ज्यूस नको. ज्यूसच्या एका ग्लासात तीन-चार संत्री जातात आणि चोथा गाळणीत राहतो. रोजचं एक पेरू किंवा संत्रं किंवा पपईची फोड पुरे. पेरूत संत्र्यापेक्षा तीन-चार पट व्हिटॅमिन सी असतं, आणि पेरू आपल्याकडे जवळजवळ प्रत्येकाच्या दारात होता एकेकाळी. आंबा पण खा, पण जेवणावर आमरसाच्या तीन वाट्या नकोत, दुपारी एक फोड-दोन फोडी स्वतंत्र खा.

उपासाला साबुदाणा सोडणं सगळ्यात अवघड गेलं आमच्याकडे. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, ना फायबर ना प्रोटीन. आता वरीचा भात थोडा आणि दाण्याची आमटी जास्त, राजगिऱ्याची भाकरी, काकडी, आणि दही. आषाढीला मात्र साबुदाण्याची खिचडी होते, वर्षातून दोन-तीनदा खाल्ल्याने काही बिघडत नाही.

काळजी कुठे घ्यायची, हे नीट वाचा

बी-१२ भाज्यांत नसतं, कितीही खा. ते दूध, दही, अंडी, मासे यातून मिळतं, त्यामुळे शुद्ध शाकाहारी माणसांनी टेस्ट करून घ्यावी, आणि मेटफॉर्मिन ही डायबेटिसची गोळी बरीच वर्षं चालू असेल तर नक्कीच, कारण त्या गोळीने बी-१२ कमी होतं. हातापायाला मुंग्या येणं, थकवा, हे वयाचं समजून सोडून देऊ नका.

ज्यांना किडनीचा त्रास आहे त्यांनी वरचं काहीही डॉक्टरांना न विचारता करू नका, पोटॅशियम त्यांच्या शरीरातून नीट बाहेर पडत नाही आणि नारळपाणी, टोमॅटो, पालेभाज्यासुद्धा मोजून घ्याव्या लागतात. रक्त पातळ करायला वॉरफरिन चालू असेल तर पालेभाजी एकदम वाढवायची नाही, एकदम बंदही करायची नाही, रोज साधारण सारखी ठेवायची. इन्सुलिन किंवा शुगरच्या गोळ्या चालू असतील आणि भात-पोळी कमी केलीत तर शुगर खूप खाली जाऊ शकते, आधी डॉक्टरांना सांगा, डोस ते बदलतील, आपण मनाने गोळी बंद करायची नाही. कुणी म्हणालं कारल्याच्या रसाने गोळ्या सुटल्या तरी नाही.

आणि दुधी चिरताना कच्चा तुकडा जिभेला लावून बघा, कडू लागला तर थुंका आणि अख्खा दुधी फेकून द्या. कडू दुधीचा रस पिऊन लोक हॉस्पिटलमध्ये पोचलेत आणि दगावलेतसुद्धा, त्यामुळे "कडू म्हणजे गुणकारी" इथे अजिबात धरू नका.

टेस्टची घाई करू नका. एचबीए१सी रक्तातल्या तांबड्या पेशींवर मोजतात, त्या साधारण १२० दिवस जगतात, म्हणून पंधरा दिवसांत परत टेस्ट करून नाराज व्हायचं काही कारण नाही, तीन महिने द्या. अप्पांची तीन महिन्यांनी ५.९ आली. त्यांचं रोजचं अर्धा तास फिरणंही चालू होतं, त्यामुळे सगळं श्रेय भाजीला देत नाही. आता मेथी आली की तेच पेपर पसरून निवडायला बसतात, आणि मी देठं काढायला लागले की माझ्या हातातून घेऊन कोवळी कोवळी बाजूला ठेवतात. परवाच्या जुडीची २१० ग्रॅम निघाली.